पीपीटीचं वेबपान: काय उचलायचं, काय नव्यानं लिहायचं

व्याख्यान संपलं की कुणीतरी म्हणतंच, "सर, पीपीटी वेबसाइटवर टाका ना." मग फाइल जशीच्या तशी चढवली जाते आणि दुवा ग्रुपवर फिरतो. मोबाइलवर तो उघडणाऱ्याच्या हाती येतं डाउनलोडचं बटण, विस्कटलेले फॉन्ट आणि 'गरज', 'फायदे', 'अडचणी' असे सुटेसुटे शब्द. त्या शब्दांच्या मधलं सगळं वक्ता तोंडी बोललेला असतो आणि ते फाइलमध्ये कुठेच नसतं. पीपीटीचं वेबपान करताना मुख्य काम असतं ते हे राहून गेलेलं बोलणं लिहून काढण्याचं. बाकीची कामं त्यामानानं सोपी.

हे काम यंत्रावर सोपवण्याचे प्रयत्न जुने आहेत. पॉवरपॉइंटमध्ये पूर्वी 'सेव्ह ॲज वेब पेज' असा पर्याय असे. २०१० च्या आवृत्तीत तो मेनूतून काढून टाकला. डावीकडे स्लाइडांची यादी, उजवीकडे स्लाइडचं चित्र असं त्याचं रूप. लिब्रेऑफिस या मोफत संचातल्या इम्प्रेसमध्ये 'एक्स्पोर्ट'मध्ये जाऊन एचटीएमएल (वेबपानाचा फाइल-प्रकार) निवडलं की आजही साधारण तसंच मिळतं. एखाद्या संग्रहासाठी ठीक आहे, पण वाचायला कुणी थांबत नाही.

आधी ठरवा: पान हवं आहे की पीपीटीच हवी आहे?

व्याख्यानाला आलेल्यांना फक्त स्लाइड पुन्हा पाहायच्या असतील तर लेख लिहीत बसू नका. पीपीटी गुगल ड्राइव्हवर चढवा, गुगल स्लाइड्समध्ये उघडा, 'फाइल'मधून 'सेव्ह ॲज गुगल स्लाइड्स' करा, मग त्या नव्या प्रतीत 'फाइल'मधून 'शेअर' आणि 'पब्लिश टू वेब' निवडा. तिथे एक दुवा मिळतो आणि 'एम्बेड' या टॅबमध्ये आपल्या पानात चिकटवायचा कोड मिळतो. स्लाइड आपोआप पुढे सरकण्याची वेळही तिथेच ठरते. ती मोठी ठेवा, नाहीतर वाचून होण्याआधीच स्लाइड पळते. एक लक्षात ठेवा: असं प्रसिद्ध केल्यावर गुगल स्लाइड्समधल्या त्या फाइलमध्ये केलेला बदल प्रसिद्ध प्रतीतही उतरतो. त्यामुळे पुढच्या व्याख्यानासाठी तीच फाइल कापत-जोडत बसाल तर जुन्या दुव्यावरही तीच कापाकापी दिसेल. प्रसिद्ध करायची प्रत वेगळी ठेवलेली बरी.

पण ज्यांनी व्याख्यान ऐकलंच नाही, जे गुगलवर शोधत येणार आहेत, जे मोबाइलवरच वाचणार आहेत, त्यांच्यासाठी पानच करावं लागतं. स्लाइडांची चित्रं काढून एकाखाली एक लावणं, हा सगळ्यात लोकप्रिय आळशी मार्ग, इथे का चालत नाही ते एका हिशेबात कळतं. पॉवरपॉइंटची नेहमीची रुंद स्लाइड ९६० पॉइंट रुंद असते. तिच्यावरचं २४ पॉइंटचं अक्षर म्हणजे रुंदीचा चाळिसावा भाग. साधारण ३६० पिक्सेल रुंदीच्या मोबाइल पडद्यावर ती स्लाइड मावली की ते अक्षर ९ पिक्सेलचं होतं. वेबपानावरचा साधा मजकूर १६ पिक्सेलचा असतो. देवनागरीत वेलांटी, रफार, अनुस्वार डोक्यावर आणि उकार पायाशी, म्हणजे ९ पिक्सेलमध्ये 'पाणी' आणि 'पाणि' यांतला फरकही दिसत नाही. मोबाइल आडवा करून वाचता येतं, पण तेवढी तसदी फार थोडे घेतात. शिवाय चित्रातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही आणि दृष्टिहीनांना पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

मजकूर बाहेर काढणं

समजा, तुमच्याकडे गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवण्याबद्दलची एक पीपीटी आहे, पुण्यातल्या एका सोसायटीच्या सभेसाठी केलेली. पुढे हेच उदाहरण धरून चालू.

पॉवरपॉइंटमध्ये 'व्ह्यू'मधून 'आउटलाइन व्ह्यू' उघडला की डावीकडे सगळा मजकूर सलग दिसतो. फाइल 'आउटलाइन/आरटीएफ' या प्रकारात सेव्ह केली तर तोच मजकूर वर्डमध्ये उघडता येतो. इथे एक खोच आहे. आउटलाइनमध्ये फक्त स्लाइडच्या ठरावीक चौकटींतला मजकूर येतो. तुम्ही स्वतः 'टेक्स्ट बॉक्स' टाकून लिहिलेलं, बाणांवर लिहिलेलं, तक्त्यातलं काहीही येत नाही. आपल्याकडच्या बहुतेक पीपीट्या तर टेक्स्ट बॉक्सांवरच उभ्या असतात. म्हणून आउटलाइन काढल्यावर एकेक स्लाइड समोर ठेवून राहिलेलं हातानं उचला.

वक्त्याच्या टिपा असतील तर त्या सोन्यासारख्या. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये 'फाइल', 'एक्स्पोर्ट', 'क्रिएट हँडआउट्स' असं गेलं की स्लाइड आणि शेजारी टिपा अशी वर्डची फाइल तयार होते. टिपा नसतील, आणि बहुधा नसतातच, तर गुगल डॉक्स उघडा, 'व्हॉइस टायपिंग' चालू करा, भाषा मराठी निवडा आणि स्लाइड पुढे सरकवत व्याख्यान पुन्हा द्या. समोर कुणी नसताना बोलायला अवघडल्यासारखं होत असेल तर घरातल्या कुणाला तरी बसवा. त्यांनी मध्येच विचारलेला प्रश्न बहुतेक वेळा वाचकालाही पडणारा असतो. विरामचिन्हं नंतर घालावी लागतात, आकडे आणि विशेषनामं तपासावी लागतात, पण कोऱ्या पानासमोर बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

मजकूर मिळवण्यासाठी पीडीएफच्या वाटेला मात्र जाऊ नका. पीडीएफमधून देवनागरी कॉपी केली की वेलांट्या जागा बदलतात, जोडाक्षरं फुटतात. ते दुरुस्त करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात नव्यानं टाइप करून होतं.

फॉन्टचं दुखणं

मराठी पीपीटीचं खरं अडणारं काम हेच आहे, म्हणून इथे थोडं थांबू. जुन्या पीपीट्या कृतिदेव, श्रीलिपी, सुरेख अशा फॉन्टांत असतात. या फॉन्टांत आतमध्ये साठवलेली अक्षरं रोमनच असतात, फक्त त्यांचे आकार देवनागरीचे काढलेले असतात. 'मराठी' हा शब्द कृतिदेवमध्ये लिहिला असेल तर फाइलच्या लेखी तो ई, जे, के, मोठा बी आणि एच अशी पाच रोमन अक्षरं आहे. वेबपानावर टाकला की वाचकाला तेच दिसणार, आणि गुगललाही तेच.

तपासणी सोपी आहे. मजकूर निवडा आणि फॉन्ट बदलून निर्मला यूआय किंवा मंगल करा. मराठी मराठीच राहिली तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण पद्धतीत आहे, सुखानं पुढे जा. रोमन कचरा दिसला तर रूपांतर करावं लागेल. कृतिदेव, श्रीलिपी वगैरेंतून युनिकोड करून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत. फॉन्टचं नेमकं नाव पाहूनच साधन निवडा. एकाच नावाच्या घराण्यातल्या दोन फॉन्टांची मांडणीही वेगळी असू शकते. गोपनीय मजकूर असेल तर अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नका.

रूपांतर झाल्यावर चुका कुठे शोधायच्या ते ठरलेलं आहे. पहिली जागा वेलांटीची: जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर साठवली जाते, त्यामुळे 'स्थिती', 'व्यक्तिमत्त्व' अशा शब्दांतल्या जोडाक्षरांपाशी ती घसरते. दुसरी रफाराची. तिसरी खास मराठीची: 'वऱ्हाड', 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा र. हिंदीसाठी बनवलेली साधनं त्याचा सरळ रफार करून टाकतात. हे 'फाइंड-रिप्लेस'नं सरसकट सुधारायला जाऊ नका, कारण 'सूर्य' आणि 'कार्य' यांत रफारच बरोबर आहे. डोळ्यांनीच पाहावं लागतं. चौथी जागा म्हणजे मधले इंग्रजी शब्द. ते मुळात वेगळ्या फॉन्टात असतात, पण साधनाला ते कळत नाही आणि तेही देवनागरीत 'रूपांतरित' होऊन अगम्य होतात. रूपांतराआधी ते वेगळे काढून ठेवा.

लिहिणं

आता मजकूर हाताशी आहे. वीस स्लाइड म्हणजे वीस परिच्छेद हा हिशेब सोडून द्या. पहिली शीर्षकाची, दुसरी 'आजचे मुद्दे', शेवटची 'धन्यवाद' आणि त्याआधीची 'प्रश्नोत्तरे' या चार तशाच उडतात. उरलेल्यांपैकी कित्येक स्लाइड एकाच मुद्द्याच्या असतात, फक्त जागा पुरली नाही म्हणून 'पुढे चालू' झालेल्या. त्या एकत्र करा. चार-सहा गट पडतात आणि तेच पानाचे उपविभाग.

शीर्षकं बदला. स्लाइडवर 'आकडेवारी' चालतं, कारण वक्ता समोर उभा असतो. पानावर 'गच्चीवरून वर्षाला किती पाणी मिळतं?' असं लिहावं लागतं. लोक शोधतातही असंच.

आता एक स्लाइड जवळून पाहू. तिच्यावर एवढंच आहे:

पाण्याचे गणित
• १ मिमी × १ चौ.मी. = १ लिटर
• गच्ची १०० चौ.मी.
• पाऊस ७०० मिमी
• गुणांक ०.८

सभेत वक्त्यानं हे दोन मिनिटं समजावून सांगितलं होतं. पानावर ते असं लिहिता येईल:

"एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १०० चौरस मीटरच्या गच्चीवर ७० हजार लिटर पाणी पडतं. सगळं हाती लागत नाही. काही सुकतं, काही उडतं, सुरुवातीचं धूळमिश्रित पाणी तर मुद्दाम सोडून द्यावं लागतं. म्हणून ८० टक्के धरा: ५६ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर मागवत असाल तर साडेपाच टँकरांहून थोडं जास्त."

यात नवीन माहिती एकच, टँकरची, आणि सभेत टाळ्या त्याच वाक्याला पडल्या असतील. पण 'गुणांक ०.८' म्हणजे काय हे आता कुणाला विचारावं लागत नाही. प्रत्येक ठिपक्याला 'म्हणजे काय?' आणि 'मग काय करायचं?' हे दोन प्रश्न विचारा. ज्या ठिपक्याकडे दोन्हींचं उत्तर नसेल तो काढून टाका. 'पाणी हेच जीवन' हा बहुधा असाच सुटतो.

ठिपक्यांच्या याद्या सगळ्याच मोडायच्या नाहीत. साहित्याची यादी, कामाचा क्रम, कागदपत्रं ही यादीच राहू द्या. ज्या यादीत वाक्यांमधला संबंध लपला आहे, म्हणजे एकामुळे दुसरं घडतं असं आहे, ती मात्र परिच्छेदात लिहा.

हा सगळा उद्योग एआयच्या चॅटबॉटकडून करून घेता येतो का? पहिला खर्डा मिळतो. पण ठिपक्यांच्या मधल्या रिकाम्या जागा तो स्वतःच्या कल्पनेनं भरतो आणि ते इतकं गुळगुळीत असतं की चूक नजरेतून सुटते. टिपा किंवा बोललेला मजकूर त्याला दिला, आणि 'यापलीकडचं काही घालू नकोस' असं बजावलं, तर काम बरं होतं. आकडे तरीही स्वतः तपासा.

चित्रं, तक्ते, आलेख

मूळ चित्रं मिळवण्याची एक सोपी युक्ती आहे. पीपीटीएक्स फाइल ही प्रत्यक्षात झिप फाइलच असते. तिची एक प्रत करा, नावाच्या शेवटचं पीपीटीएक्स पुसून झिप लिहा, उघडा, 'पीपीटी' नावाच्या फोल्डरमध्ये 'मीडिया' फोल्डर दिसेल. फाइलमध्ये असलेले फोटो तिथे एकत्र सापडतात. जुन्या पीपीटी प्रकारच्या फाइलला हे चालत नाही. ती आधी पीपीटीएक्समध्ये सेव्ह करा.

हे फोल्डर उघडलं की आणखी एक गोष्ट कळते. स्लाइडवर कापून दाखवलेल्या फोटोचा उरलेला भागही फाइलमध्ये शाबूत असू शकतो. शेजारी उभी असलेली मुलं, मागच्या फलकावरचा फोन नंबर, सगळं. आलेखाचंही तसंच: पॉवरपॉइंटमध्येच काढलेल्या आलेखामागे एक्सेलची वही जोडलेली असते, आणि आलेखात दोनच रकाने वापरले असले तरी वहीत सभासदांच्या थकबाकीसकट सगळं असू शकतं. मूळ पीपीटी डाउनलोडसाठी ठेवणार असाल तर 'कॉम्प्रेस पिक्चर्स'मधून कापलेले भाग खरोखर काढून टाका, आलेख चित्र म्हणून चिकटवा आणि 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' एकदा चालवा. त्यापेक्षा पीडीएफ ठेवणं सुटसुटीत.

फोटो वेबसाठी १२०० पिक्सेल रुंद पुरतात. ब्राउझरमध्येच चालणाऱ्या स्क्वूश या मोफत साधनात टाकून वेबपी प्रकारात काढले तर बहुतेक फोटो दोनशे केबीच्या आत येतात. प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर (ऑल्ट टेक्स्ट), म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन द्या आणि ते मराठीत द्या. 'फोटो १' किंवा 'फिल्टर' पुरेसं नाही. 'गच्चीवरून येणारा पाइप आणि त्याला जोडलेला जाळीचा फिल्टर. पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडणारी तोटी फिल्टरच्या आधी आहे' असं लिहिलं तर दृष्टिहीन वाचकालाही जोडणी कळते. निव्वळ शोभेची पानं-फुलं, हातात हात घेतलेली माणसं वगैरे पानावर आणूच नका.

गुगलवरून उचललेले फोटो सभेत खपून जातात. जाहीर पानावर ते दुसऱ्याच्या मालकीचे ठरतात. विकिमीडिया कॉमन्सवरचा फोटो असेल तर त्याच्या पानावरचा परवाना आणि छायाचित्रकाराचं नाव खाली द्या. नाहीतर सरळ सोसायटीच्या गच्चीवर जा आणि मोबाइलनं स्वतः काढा.

तक्ता चित्र म्हणून टाकू नका, तक्ता म्हणूनच टाका. आपल्या उदाहरणात गच्चीचं क्षेत्रफळ आणि मिळणारं पाणी असे दोनच रकाने लागतात: ५० चौरस मीटरला २८ हजार लिटर, १०० ला ५६ हजार, २०० ला १ लाख १२ हजार. चारपेक्षा जास्त रकाने झाले की मोबाइलवर तक्ता पडद्याबाहेर जातो, तेव्हा दोन तक्ते करा किंवा रकाने आणि ओळी उलटवून पाहा. आलेखाच्या चित्राखाली त्याचा अर्थ एका वाक्यात लिहा.

ॲनिमेशनच्या स्लाइड निर्यात केल्या की एकावर एक ठेवलेल्या सगळ्या वस्तू एकदम दिसतात आणि गिचमिड होते. अशा स्लाइडच्या तीन-चार प्रती करा, प्रत्येकीत एकेक टप्पाच ठेवा, मग त्यांची चित्रं काढून पानात क्रमानं लावा आणि खाली त्या त्या टप्प्याचं वाक्य द्या.

पान उभं करणं

वर्डप्रेस, ब्लॉगर, गुगल साइट्स, जे हाताशी असेल ते चालेल. वर्डमधून मजकूर चिकटवताना कंट्रोल आणि शिफ्ट दाबून व्ही दाबा, म्हणजे साधा मजकूर येतो. नाहीतर वर्डचे रंग, मापं आणि फॉन्ट बरोबर येतात आणि पान प्रत्येक मोबाइलवर वेगळं दिसतं. उपशीर्षकं ठळक अक्षरांनी रंगवू नका, संपादकातला 'हेडिंग २' हा प्रकार द्या. दिसायला सारखंच, पण स्क्रीन रीडर वापरणारे शीर्षकावरून शीर्षकावर उड्या मारत वाचतात आणि त्यांना ठळक अक्षर शीर्षक वाटत नाही.

साइटची किंवा पानाची भाषा मराठी अशी नोंदवलेली आहे ना, ते पाहा. त्यावरून वाचून दाखवणारं साधन मराठी उच्चार निवडतं. काही फॉन्टांमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपं आत ठेवलेली असतात, तीही भाषा मराठी असेल तरच बाहेर येतात. पानभर हिंदी वळणाचा 'ल' दिसत असेल तर दोष बहुधा इथे सापडतो.

फॉन्टसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' घ्या. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर मोफत आहेत. ओळींमधलं अंतर १.६ ते १.७ पट ठेवा, कारण इंग्रजीसाठी ठरवलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला जाऊन भिडतो. तयार थीम घेतली असेल तर शीर्षकांना 'लेटर स्पेसिंग' दिलेलं आहे का ते मुद्दाम तपासा. इंग्रजी शीर्षक त्यानं ऐटदार दिसतं, देवनागरीत मात्र शिरोरेषा अक्षराअक्षराला तुटते. ते शून्यावर आणा. तिरपी अक्षरं टाळा. दोन्ही कडा सारख्या करण्याचा मोहही मोबाइलवर नको, शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

पानाचा पत्ता रोमन अक्षरांत आणि छोटा ठेवा. मराठी शीर्षकावरून आपोआप बनलेला पत्ता व्हॉट्सॲपवर चिकटवला की त्याची टक्केवारीच्या चिन्हांनी भरलेली लांबलचक माळ होते आणि लोकांना तो दुवा दाबायची भीती वाटते.

प्रसिद्ध करण्याआधी

एखाद्या साध्या, जुन्या मोबाइलवर, वायफाय बंद करून पान उघडा. ब्राउझरमध्ये अक्षरं दुप्पट मोठी करा आणि काही पडद्याबाहेर जातं का ते पाहा. 'फाइंड इन पेज'मध्ये मजकुरातला एखादा शब्दसमूह, 'पावसाच्या पाण्याची साठवण' असा, टाइप करून शोधा. सापडला नाही तर कुठेतरी जुन्या फॉन्टाचा तुकडा राहिला आहे. अँड्रॉइडवर टॉकबॅक हा त्यातलाच स्क्रीन रीडर चालू करून एक परिच्छेद ऐका. 'चौ.मी.' आणि 'मिमी' यांचं काय होतं ते ऐकल्यावर ती रूपं पूर्ण लिहायचं तुम्हीच ठरवाल.

शेवटी पानाच्या तळाशी दोन ओळी: व्याख्यान कधी आणि कोणासमोर झालं, आणि पान शेवटचं कधी सुधारलं. पावसाची सरासरी, टँकरचा दर, अनुदानाचे नियम हे बदलत राहतात, तेव्हा तारीख नसलेल्या पानावर कुणी विसंबू नये हेच बरं. शेवटच्या स्लाइडवरचा वैयक्तिक मोबाइल नंबर मात्र पानावर आणू नका. सोसायटीचा ईमेल किंवा संपर्काचा फॉर्म द्या.